साडूच्या घरी नेमसर्व्हर

मराठी माणसाला भाड्याचं काही मानवत नाही. घर स्वतःचं लागतं, विहीर स्वतःची लागते, भांडण तर स्वतःचंच लागतं. वेबसाइट काढायची ठरली की बाकीचं जग कुठल्या तरी कंपनीला वर्षाचे पैसे देऊन मोकळं होतं, आपल्याकडे मात्र घरटी एक जण तरी विचारतो, "हे सगळं आपल्याच घरात नाही का ठेवता येणार?" याचं प्रामाणिक उत्तर 'येतं, पण नको' असं आहे. त्यातलं 'येतं' एवढंच ऐकू येणारी काही माणसं असतात. आमचे साडू त्यांतले.

साडूंना सगळे अण्णा म्हणतात. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आता साताऱ्यात असतात. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतला. छापील पुस्तक निघालं तेव्हा त्यात मुद्रणदोष कमी आणि भावकीचे आक्षेप जास्त निघाले. कुणाच्या पणजोबांचं दत्तकविधान राहून गेलं होतं, तर एका आत्याबाईंच्या नावापुढे 'निपुत्रिक' छापलं होतं आणि त्या प्रकाशनाला तिन्ही मुलांना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसरी आवृत्ती काढण्याइतकी वर्गणी जमेना, म्हणून कुलवृत्तांत वेबसाइटवर टाकायचं ठरलं. तिथे दुरुस्ती फुकट होते. आडनावाचं डॉट इन मोकळं होतं, ते अण्णांनी घेऊन टाकलं. (आडनाव इथे देत नाही. भावकी हरकत घेईल.)

नाव घेतलं, पैसे भरले, पावती आली. अण्णांनी ब्राउझरमध्ये नाव टाकलं आणि 'ही साइट सापडत नाही' असं उत्तर आलं. आमचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे; त्यानं फोनवर समजावायला घेतलं, की काका, कसं असतं, डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, नेमसर्व्हर वेगळा. अण्णांनी त्याला मध्येच थांबवलं.

"म्हणजे खरेदीखत झालंय, फेरफार झालेला नाही."

मुलगा गप्प झाला. मलाही कबूल करावं लागलं, की या विषयावर आजवर ऐकलेलं हे सगळ्यांत सोपं वाक्य होतं. दुय्यम निबंधकाकडे जमिनीची खरेदी नोंदवली म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव आपोआप चढत नाही. तलाठी गाव नमुना सहाला फेरफार धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग कुठे सातबाऱ्याला नाव लागतं. डोमेनचंही असंच. नाव विकत घेणं ही एक गोष्ट. डॉट इनच्या वहीत 'या नावाची चौकशी अमक्या नेमसर्व्हरकडे करावी' अशी ओळ लागणं ही दुसरी. ती ओळ लागेपर्यंत तुम्ही मालक असता, पण तुमच्या जमिनीपर्यंत कुणाला पोचता येत नाही.

एकदा ही किल्ली हाती लागल्यावर अण्णा पुढे सुसाट निघाले. नेमसर्व्हरचं एकूण कामकाज बघून तर त्यांना नोकरीतले दिवस आठवले असणार, कारण ही सगळी व्यवस्था 'माझ्याकडे नाही, पुढच्या टेबलाला विचारा' या एका तत्त्वावर उभी आहे. कुणी तुमच्या साइटचं नाव टाकलं की त्याचा सर्व्हर आधी रूटला, म्हणजे सगळ्यांत वरच्या टेबलाला, विचारतो. रूट म्हणतो, मला ठाऊक नाही, डॉट इनवाल्यांना विचार. डॉट इनवाले म्हणतात, आम्हांला ठाऊक नाही, त्या आडनावाच्या नेमसर्व्हरला विचार. शेवटी तो नेमसर्व्हर पत्ता सांगतो. प्रत्येक जण फक्त पुढचं टेबल दाखवतो, आणि तरीही अर्जदाराचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. "हे कसं जमवलं यांनी?" असं अण्णांनी मला दोनदा विचारलं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, पण थोडा मत्सरही होता.

रूटची अधिकृत नावं 13 आहेत, ए पासून एम पर्यंत एकेक अक्षर. तेराच का? तर जुन्या नियमाप्रमाणे उत्तर 512 बाइटांच्या पाकिटात बसवायचं होतं, आणि पत्त्यांसकट तेवढीच नावं त्यात बसली. आज त्या 13 नावांच्या मागे जगभर हजाराहून जास्त यंत्रं काम करतात, मुंबईतही आहेत. नावं मात्र तेरा ती तेराच. मंजूर पदं न वाढवता माणसं वाढवण्याची ही युक्ती अण्णांना फार आवडली.

पूर्वी हे असं नव्हतं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटच्या काळात सगळ्या जाळ्याला खरोखर एकच तलाठी होता. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर बाईंचं कार्यालय होतं आणि त्यांच्याकडे 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक फाइल. यंत्राला नाव हवं असेल तर कार्यालयीन वेळेत फोन करायचा; तिथली मंडळी नाव फायलीत चढवत, आणि बाकीचे ती फाइल उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही वही कुणाला पुरेना. तोडगे सुचवणारे पाच प्रस्ताव आले. आर्पानेटचं काम बघणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांना सांगितलं, की या पाचांचा काही मेळ घाला. मॉकापेट्रिस यांनी पाचही बाजूला ठेवले आणि 1983 साली सहावाच लिहून काढला. तोच आज डीएनएस या नावानं चालतो. आपल्याकडच्या समितीत हा मनुष्य पहिल्या बैठकीपलीकडे टिकला नसता, आणि अहवालात पाचही प्रस्तावांची थोडी थोडी भेसळ आली असती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. डोमेन विकणाऱ्या कंपनीचे तयार नेमसर्व्हर होते, फुकट होते, ते घेतले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण अण्णा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनींच्या नोंदी ठेवल्या. आता आपल्या नोंदी दुसऱ्याच्या दप्तरात?" मुलानं सुचवलं, की मुंबईत एखादा छोटा सर्व्हर भाड्यानं मिळतो. भाड्यानं म्हटल्यावर पुढचं बोलणंच झालं नाही.

घरच्या इंटरनेटला स्वतःचा पत्ता नसतो, ही या प्रकरणातली पहिली ठेच. अनेक ठिकाणी अख्ख्या गल्लीला मिळून एकच सार्वजनिक आयपी असतो, आणि तोही मनाला येईल तेव्हा बदलतो. कायमचा पत्ता हवा तर महिन्याला वेगळे पैसे. अण्णांनी ते भरले. भाडं नको म्हणणारा माणूस पत्त्याचं भाडं बिनबोभाट भरतो, हेही मी तेव्हाच पाहिलं.

दुसरी ठेच मोठी मजेदार. आपल्या नेमसर्व्हरला आपल्याच आडनावातलं नाव द्यायचं हे ओघानं आलंच: एनएस-वन डॉट आडनाव डॉट इन. आता बाहेरचा माणूस विचारणार, आडनाव डॉट इन कुठे आहे? उत्तर, एनएस-वनला विचारा. बरं, एनएस-वन कुठे आहे? उत्तर, ते आडनाव डॉट इनमध्ये विचारा. हा खो-खो असाच चालू राहिला तर पाहुणा स्टँडवरच राहील. म्हणून वरच्या, म्हणजे डॉट इनच्या वहीत नेमसर्व्हरच्या नावाबरोबर त्याचा आकडी पत्ताही चिकटवून ठेवावा लागतो. त्याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. इतकं सगळं स्वतःचं करूनसुद्धा स्वतःची पहिली ओळख स्वतःला करून देता येत नाही. वरच्या माणसानं 'हो, हे अमुक ठिकाणी राहतात' असं म्हणावंच लागतं. अण्णा म्हणाले, रहिवासी दाखला.

हा दाखला मिळवण्याची जागा प्रत्येक कंपनीनं आपापल्या पद्धतीनं लपवलेली असते. कुणी त्याला चाइल्ड नेमसर्व्हर म्हणतं, कुणी प्रायव्हेट नेमसर्व्हर, कुणी होस्ट रेकॉर्ड. तिन्ही एकच. आधी तिथे नाव आणि पत्ता नोंदवायचा, आणि मग नेमसर्व्हरच्या रकान्यात तेच नाव पुन्हा लिहायचं. क्रम उलटा झाला तर 'असा होस्ट अस्तित्वात नाही' असं लाल अक्षरात येतं. अण्णांचा क्रम पहिल्याच फटक्याला बरोबर आला. चाळीस वर्षं लोकांना 'आधी ते आणा, मग हे मिळेल' सांगितलेल्या माणसाला क्रम कोण शिकवणार?

मग झोन फाइल, म्हणजे आपल्या डोमेनच्या नोंदींची वही. नेमसर्व्हर चालवायला त्यांनी बाइंड घेतलं, बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी 1980 च्या दशकात लिहिलेलं आणि अजून मजबूत असलेलं. त्याच्या फायली हातानं लिहायच्या असतात. अण्णांनी त्या आधी आखीव ताव घेऊन बॉलपेननं लिहिल्या, खाडाखोडीवर सही केली, आणि मग संगणकात उतरवल्या. फायलीच्या डोक्यावर एसओए नावाची नोंद असते. तिच्यात मुख्य सर्व्हर कोण, जबाबदार मनुष्य कोण आणि अनुक्रमांक काय, हे द्यायचं. जबाबदार माणसाच्या ईमेलमध्ये ॲटच्या चिन्हाऐवजी टिंब घालतात, कारण त्या फायलीत ॲटला आधीच दुसऱ्या कामाला लावलेलं आहे.

टिंबाचं प्रकरण तर याहून नाजूक. पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब द्यावं लागतं. ते राहिलं तर प्रोग्रामला वाटतं नाव अर्धवट आहे, आणि तो मदतीच्या भावनेनं मागे पुन्हा डोमेन जोडतो: एनएस-वन डॉट आडनाव डॉट इन डॉट आडनाव डॉट इन. हसू नका. 12 ऑक्टोबर 2009 रोजी स्वीडनच्या अख्ख्या डॉट एसईच्या झोनमध्ये एका स्क्रिप्टनं हेच शेवटचं टिंब गाळलं आणि 9 लाखांच्या आसपास डोमेनं एकदम दिसेनाशी झाली. मुलगा हे मोठ्या उत्साहानं सांगत होता. अण्णांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. "टिंब सरकून 0.40 हेक्टरचं 4.0 झालेलं बघितलंय मी," ते म्हणाले. "तिसरी पिढी कोर्टात आहे."

अनुक्रमांकाबद्दल मात्र त्यांनी मला तास दीड तास ऐकवलं. रिवाज असा, की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटी त्या दिवशीची कितवी दुरुस्ती ते. फायलीत काहीही बदललं की हा आकडा वाढवायचा. दुसरा सर्व्हर फक्त एवढाच आकडा बघतो. वाढलेला दिसला तर नवी प्रत उतरवून घेतो, नाही तर जुनीच धरून बसतो. आत तुम्ही कुळाचा इतिहास बदलला असलात तरी त्याला त्याचं काही नाही. आणि घाईत 2025 च्या जागी कुणी 2205 टाकलं, तर दुसरा सर्व्हर ते खरं मानतो आणि नंतरच्या खऱ्या तारखांच्या दुरुस्त्या शिळ्या म्हणून नाकारत राहतो. यातून बाहेर पडायची आडवाट आहे, पण सरळमार्गी माणसानं 2205 साल उजाडायची वाट बघावी.

आता या दुसऱ्या सर्व्हरविषयी. नेमसर्व्हर किमान दोन लागतात. अर्जात एनएस-वनच्या खाली एनएस-टूचा रकाना असतोच. बहुतेक हौशी लोक दोन्ही नावं एकाच यंत्राला देऊन मोकळे होतात. आरएफसी 2182 नावाचा 1997 सालचा एक दस्तऐवज मात्र बजावून सांगतो, की हे सर्व्हर एकाच इमारतीत, एकाच जाळ्यात, एकाच विजेच्या तारेवर ठेवू नका. ऐकतो कोण? जानेवारी 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर जाळ्याच्या एकाच भागात होते. एका राउटरची मांडणी चुकली आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक कंपनी जवळजवळ दिवसभर सापडेना.

अण्णा नियमाचे पक्के. त्यामुळे एक दिवस बायको म्हणाली, "ताईचा फोन होता. भाऊजी कसलासा डबा पाठवतायत. तो कधी बंद करायचा नाही म्हणाली." डबा एसटीच्या पार्सलनं पुण्याला आमच्या घरी आला, सोबत अर्धा किलो कंदी पेढे होते. तळहातावर मावेल एवढं यंत्र, त्याला 'एनएस-२' असं मराठी आकड्यात लिहिलेली चिठ्ठी, आणि आमच्याकडच्या कायमच्या आयपीचे वर्षाचे पैसे. जागा चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी. अशा रीतीनं मी घराण्याचा कुणी नसताना त्या घराण्याचा दुय्यम नेमसर्व्हर झालो. दुय्यम हे फक्त आम्हां दोघांत. विचारणाऱ्या जगाला साताऱ्याचा आणि पुण्याचा सारखेच अधिकृत; थोरला कोण हे एसओएमध्ये लिहिलेलं असतं, पण ते वाचत बसायला कुणी थांबत नाही. साडू-साडूंच्या नात्यालाही हीच घटना लागू आहे, फक्त सासुरवाडीत कुणी ती लिहून ठेवलेली नाही.

आमच्या घरात एक जुना कायदा आहे: गावाला निघताना गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा वॉल्व्ह आणि घरातलं शेवटचं बटण बंद झालं पाहिजे. बायको हा कायदा मोडत नाही. त्यामुळे आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडायच्या आत साताऱ्याहून फोन येतो, "तुमच्याकडचे लाइट गेलेत का हो?" आम्ही कधी बाहेर पडलो, कधी परत आलो, मधल्या रविवारी सिनेमाला तर गेलो नव्हतो ना, याची नोंद आता साताऱ्यात मिनिटाबरहुकूम असते. माझ्या सासूबाईंना तीस वर्षांत जे जमलं नाही ते नेमसर्व्हरच्या दारानं, पोर्ट 53 नं, करून दाखवलं.

सगळं जोडून झाल्यावर वाट बघणं आलं. या धंद्यात ग्राहकाच्या कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर आहे: "सर, 24 ते 48 तास थांबा." तिकडची मुलगी हे इतक्या मायेनं म्हणते, की आपल्यालाच आपल्या घाईची लाज वाटावी. लोकांची समजूत असते, की या अठ्ठेचाळीस तासांत आपलं नाव हळूहळू जगभर पसरत असतं, आज पुणे, उद्या दुबई. तसं काही पसरत वगैरे नाही. ज्यांनी जुनं उत्तर विचारून खिशात ठेवलंय त्यांची त्याची मुदत संपायची असते, इतकंच. डॉट कॉमच्या वहीत नेमसर्व्हरच्या नोंदीला 1,72,800 सेकंदांची मुदत आहे, म्हणजे मोजून दोन दिवस. तेव्हा हा आकडा अगदीच हवेतला नाही.

यातली खरी गंमत उतावळ्यांची होते. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा सर्व्हर काही काळ जपून ठेवतात. 1998 च्या आरएफसी 2308 मध्ये त्याचे नियम आहेत. म्हणजे नोंद लागायच्या आधी ज्यानं घाईनं साइट उघडून बघितली, त्याला ती लागल्यानंतरही काही वेळ 'नाही'च दिसत राहतं. अण्णांनी आदल्या रात्री घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या सकाळी साइट सुरू होईल, तोवर उघडू नये' असा संदेश टाकला होता. 'उघडू नये' म्हटल्यावर भावकी काय करणार? दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतल्या पुतण्याला साइट स्वच्छ दिसत होती, कारण संदेश आला तेव्हा तो कामावर होता. साताऱ्यात, वाईत आणि डोंबिवलीत मात्र 'सापडत नाही'. एका चुलतभावानं तर ही साइट फक्त परदेशातल्या मंडळींसाठी आहे का, असा खोचक प्रश्न टाकला आणि दोघांनी त्याला अंगठा दिला.

हे सगळं हौशी लोकांचंच होतं असं समजू नये. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप एकाएकी गप्प झाले होते, आठवत असेल. फेसबुकच्या देखभालीत एक आज्ञा चुकली आणि त्यांची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. नेमसर्व्हरना ती दिसेनात, तेव्हा 'आपणच बिघडलो असू' असं नम्रपणे समजून त्यांनी स्वतःचे मार्ग जगाच्या नकाशावरून मागे घेतले. आत सगळी यंत्रं धडधाकट, पण पत्ता सांगायला कुणी नाही. दुरुस्तीला धावलेल्या कर्मचाऱ्यांना दारंही उघडेनात. सहाएक तास हे चाललं. त्या रात्री आमच्याकडे बायको आणि ताई साध्या फोनवर दीड तास बोलल्या, आणि ग्रुपवर पाच वर्षांत न मिटलेला दागिन्यांचा एक विषय मिटवून झोपल्या.

आता अण्णांची सकाळ चहा आणि लॉग यांनी सुरू होते. घरगुती नेमसर्व्हर लावला, की चार दिवसांत कुठून कुठून परकी यंत्रं येऊन भलत्याच नावांची चौकशी करू लागतात. अशांना उत्तर देणारा सर्व्हर दुसऱ्यावरच्या हल्ल्यात हत्यार म्हणून वापरला जातो, म्हणून फक्त आपल्या डोमेनपुरतं बोलायचं आणि बाकीच्यांना 'रिफ्यूज्ड' असं एका शब्दात सांगायचं असतं. रात्रभरात नाकारलेल्या अर्जांची यादी अण्णा वरपासून खालपर्यंत वाचतात. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका टवटवीत मी पाहिला नव्हता.

मध्यंतरी त्यांना सही-शिक्क्याचं वेड लागलं होतं. डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही करता येते, आणि रूटची मुख्य किल्ली वापरायला वर्षातून चारदा अमेरिकेत रीतसर समारंभ होतो. तिजोऱ्या, कुलपं, साक्षीदार, स्मार्ट कार्डं, सगळं कॅमेऱ्यासमोर. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला तिजोरीचं कुलूपच उघडेना, आणि कुलूपवाला बोलावून ते भोक पाडून उघडेपर्यंत जगाची सही खोळंबली. हे ऐकून अण्णांना अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. तहसीलच्या स्ट्राँगरूमच्या चावीचे त्यांचे स्वतःचे तीन किस्से आहेत, ते पुन्हा केव्हा तरी.

साइट दिसू लागली, आत्याबाई सपुत्रिक झाल्या, दत्तकविधान लागलं. आता भावकीचं काही उरलं नसेल असं मला वाटत होतं. पण गेल्या महिन्यात वाईच्या शाखेचं लेखी पत्र आलं. आमची पाती वेगळी, आमचा इतिहास साताऱ्यातून मंजूर होऊन यावा हे आम्हांला मान्य नाही. सबब वाई डॉट आडनाव डॉट इन आम्हांला तोडून द्यावं आणि ते आमच्याच नेमसर्व्हरवर असावं. मी म्हटलं, अण्णा चिडतील. अण्णा चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून कार्बन पेपर काढला. दोन दिवसांत छापील नमुना तयार: दोन नेमसर्व्हर, दोन वेगळ्या गावांत, दोन्हींचे कायमचे पत्ते, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था, सर्व सज्ञान हिस्सेदारांच्या सह्या, दोन प्रतींत.

वाईकरांनी तोही भरून दिला. संध्याकाळी त्यांच्यातल्या एका तरुणाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातच होतो. "काका, अजून दिसत नाहीये."

"नोंद धरली आहे," अण्णा म्हणाले. "24 ते 48 तास थांबा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, तुमच्या फायलीत तर मुदत एका तासाची लावलेली आहे."

"तासाचीच आहे," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "पण बाकीच्या भावकीला हरकत घ्यायला वेळ नको?"